व्हॉलीबॉलची परंपरा विसरू नये

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या क्रीडापानावर नुकत्याच आलेल्या एका लेखात, भारतीय पुरुष व्हॉलीबॉल संघाने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला हरवल्याचे कौतुक करताना, या खेळात आपल्याला आंतरराष्ट्रीय परंपराच नाही, अशा आशयाचे विधान आहे. कौतुक रास्तच आहे. आधीच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवलेल्या कोरियाविरुद्ध पहिला सेट २५-२७ असा गमावूनही पाचवा सेट १७-१५ असा खेचून आणणे, हे काही लेचापेचा संघ करू शकत नाही. परंतु परंपरेविषयीचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही आणि ते तसेच राहिले, तर नव्या मुलांना तेच खरे वाटेल, म्हणून हे पत्र.

भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला संघ मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत उतरला. तेथे ११ संघांत तो आठवा आला. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले होते, ही गोष्ट कोल्हापुरात शाळकरी मुलालाही सांगावी लागत नाही. मॉस्कोला गेलेल्या संघाचे मात्र कोणाला नावही ठाऊक नसते.

आशियाई स्पर्धेत व्हॉलीबॉल आला तो १९५८ मध्ये, टोकियोला. त्या वेळी सहा खेळाडूंचा आणि नऊ खेळाडूंचा, असे दोन्ही प्रकार खेळवले गेले, कारण पूर्व आशियात खेळाडूंनी जागा न बदलता खेळायचा नऊ जणांचा खेळ तेव्हा चांगलाच रुजलेला होता. (ज्यांनी आपल्या गावांतल्या शूटिंग व्हॉलीबॉलच्या स्पर्धा पाहिल्या आहेत, त्यांना एकाच खेळाची अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदण्याचे नवल वाटणार नाही.) सहा जणांच्या खेळात जपान पहिला, इराण दुसरा आणि भारत तिसरा आला. चार वर्षांनी जाकार्ता येथे भारताने रौप्यपदक मिळवले; सुवर्ण जपानला आणि कांस्य पाकिस्तानला गेले. या रौप्यपदकाचे खरे मोल १९६४ मध्ये कळते. त्या वर्षी व्हॉलीबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये खेळवला गेला आणि ज्या जपानच्या खालोखाल आपण आलो होतो, त्याच जपानच्या पुरुष संघाने तेथे कांस्यपदक घेतले. म्हणजे साठीच्या दशकाच्या आरंभी आपण जगातल्या अव्वल संघांपासून फार लांब नव्हतो. तरीही भारतीय संघ आजपर्यंत एकदाही ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही, हे नमूद करणे भाग आहे.

तिसरे पदक १९८६ चे, सोलचे. जिमी जॉर्ज, सिरिल वल्लूर, के. उदयकुमार असे केरळचे एकापेक्षा एक खेळाडू त्या संघात होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या जपानला मागे टाकून भारताने कांस्यपदक मिळवले. जिमी जॉर्जविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. कण्णूर जिल्ह्यातील पेरावूरचा हा खेळाडू इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळला, आणि तोही परदेशी लीगचे नाव आपल्याकडे कोणी घेत नसे अशा काळात. सोलच्या पदकानंतर जेमतेम वर्षभराने, ३० नोव्हेंबर १९८७ रोजी, इटलीतच मोटार अपघातात वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला. त्याचे सगळे भाऊही व्हॉलीबॉल खेळणारे. लांब उडीतील अंजू बॉबी जॉर्ज यांचे पती व प्रशिक्षक रॉबर्ट हे त्यांपैकीच एक.

त्यानंतर आशियाई स्पर्धेत पुरुषांना पदक नाही. आपल्या मुलांची उंची कमी पडते, असे याचे कारण सर्रास सांगितले जाते. अनेक वर्षे क्रीडाशिक्षक म्हणून काम केलेल्या मला हे कारण आळसाचे वाटते. २००३ मध्ये थायलंडला झालेल्या कुमारांच्या जागतिक स्पर्धेत भारत ब्राझीलनंतर दुसरा आला होता. २०२२ मध्ये २० वर्षांखालील संघाने त्या वयोगटाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे रौप्यपदक आणले. ही मुले काही बुटकी नव्हती. १९५८ मध्ये आपल्यापुढे एकच पायरी असलेल्या इराणकडे पाहावे. त्यांच्या कुमारांनी २००७ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले, २०११ मध्ये त्यांचा वरिष्ठ संघ प्रथमच आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत विजेता झाला आणि २०१४ पासूनच्या तिन्ही आशियाई स्पर्धांचे सुवर्ण त्यांच्याकडेच आहे. तेथे कुमार संघातून वरिष्ठ संघात जाणारी वाट मोकळी राहिली. आपल्याकडे नेमक्या त्याच वाटेवर संघटनेतले वाद आडवे आले आणि २०१६ मध्ये तर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या महासंघाला निलंबितच केले. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे अशा भांडणांत गेली, तर ती त्याला कोण परत देणार?

हांगझोऊला आपण उपांत्यपूर्व फेरीत जपानकडून सरळ सेटमध्ये हरलो आणि अखेर सहावे आलो. त्या लेखात कोरियावरील विजय आला, हे सहावे स्थान आले नाही. कुस्ती आणि फुटबॉल यांवर जीव टाकणाऱ्या या शहरात व्हॉलीबॉलला अर्धे पान मिळावे, असा माझा आग्रह नाही. २०२६ ची आशियाई स्पर्धा जपानमधील आइची-नागोया येथे आहे. तिच्या निमित्ताने १९५८, १९६२ आणि १९८६ च्या पदकांची चौकट आपण छापावी आणि भारतीय संघ जेव्हा जेव्हा खेळेल, तेव्हा जिंकला-हरला एवढ्यावर न थांबता सेटनिहाय गुणही द्यावेत, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
कोल्हापूर