पडद्याचा चष्मा घेण्याआधी: बाबूला पत्र

मालवण,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय बाबू,

बरो आसस मां? तुझा मेसेज आला तेव्हा माझ्या चष्म्यांच्या दुकानात गर्दी होती. शिवाय तू जे विचारलंस ते दोन ओळींत उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून काल विसर्जन आटपून आज कागद घेऊन बसलोय. पानांचे फोटो काढून पाठवतो. सिंगापूरला जहाजावर चढण्याआधी नीट वाच, कारण वस्तू तिथेच घ्यायची आहे आणि नंतर चार महिने ती बदलता येणार नाही.

डोळ्यावर चढवला की समोर मोठा पडदा भासतो तो टीव्हीचा चष्मा घेऊ का, आणि घेतला तर कुठला, असं तुझं विचारणं. माझ्या मते घे. केबिनची भिंत हात लांब केला की लागते, अशा जागेत चार महिने राहणाऱ्या माणसाच्या तो खरंच उपयोगाचा आहे. फक्त विकणारे तुला तो इंचांत विकतील, आणि तू मात्र तो आपल्या डोळ्यांच्या मापाने घ्यायचा. तुझी मापं माझ्या वहीत आहेत: उजवा उणे २.२५, सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर) उणे १.२५, ॲक्सिस (त्या सिलिंडरचा कोन) १७०. डावा उणे २.००, सिलिंडर उणे ०.५०, ॲक्सिस १०; पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६७ मिलिमीटर. हे आकडे हाताशी ठेवून पुढचं वाच.

मी हे सगळं ऐकीव सांगत नाही. भाचा पुण्याहून गणपतीला आला तो एक असा चष्मा आणि स्टीम डेक, म्हणजे तुझ्यासारखंच हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, घेऊन. दहा दिवस आरत्या, भजनं, पाहुणे यांतून वेळ काढून मी तो पडवीत, खोलीत, खळ्यात, एकदा तर भर दुपारी दांडीच्या किनाऱ्यावरही लावून पाहिला. किनाऱ्यावर काही म्हणता काही दिसलं नाही. समोरच्या वाळूचा उजेड एवढा की चित्र त्यात विरघळून जायचं. संध्याकाळी लाईट गेली आणि खोलीत अंधार झाला, तेव्हा मात्र मी थक्क झालो. समोर काळोखात लखलखीत पडदा, रंग असे की घरातला टीव्ही फिका वाटावा. आई दारात येऊन म्हणाली, "एकटोच कित्याक हसतस?" तिला लावून दाखवला तर ती बराच वेळ गप्प बसून बघत राहिली.

पहिली गोष्ट इंचांची. "चार मीटरवर १३० इंची पडदा" अशी जाहिरात असते. खोटी नाही, पण आकडा अर्धाच कळतो. डोळ्याला इंच कळत नाहीत, कोन कळतो. चार मीटरवरचा १३० इंची पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४५ अंशांचा कोन करतो. तेवढाच कोन २४ इंची मॉनिटर सव्वादोन-अडीच फुटांवरून पाहिलास की होतो. तुमच्या माजघरातला ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहिला तर जेमतेम १५ अंश भरतात. म्हणजे हा चष्मा टीव्हीपेक्षा कितीतरी मोठा, पण थिएटरच्या पहिल्या रांगेसारखा नाही. दुकानात इंच विचारू नकोस, दृष्टिक्षेत्र किती अंशांचं ते विचार. व्हिचर प्रो ४६ अंशांचा आहे, एक्सरिअल वन ५० चा, वन प्रो ५७ चा.

आणि कोन मोठा म्हणून चष्मा चांगला, असंही धरू नकोस. यातले बहुतेक चष्मे आडवे १९२० ठिपकेच दाखवतात. वरचे अंश कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे आहेत; ४६ अंशांच्या चष्म्यात आडवे सुमारे ४१ अंश भरतात, तिथे दर अंशाला सत्तेचाळीसेक ठिपके येतात, ५७ अंशांच्यात आडवे सुमारे ५१, तिथे अडतीसच्या आसपास. निरोगी डोळ्याला साठापर्यंत फरक कळतो. सिनेमाची खालची अक्षरं वाचताना हे जाणवतं. तुझ्या डेकचा पडदा मुळात १२८० बाय ८०० चा, त्यामुळे खेळताना चष्म्याचे ठिपके कमी पडायचा प्रश्नच येत नाही. तिथे मोठा कोनच बरा, सात इंचांवर बारीक दिसणारं लिखाण त्यात वाचता येतं. डेकचं चित्र १६:१० आणि बऱ्याच चष्म्यांचं १६:९, म्हणून दोन्ही कडांना काळे पट्टे दिसतील. त्यात बिघाड काही नाही. व्हिचरच्या लुमा प्रोसारखे १२०० ओळींचे चष्मे घेतलेस तर पट्टे जातात.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण हे दुकानातला मुलगा सांगणार नाही.

भाच्याचा चष्मा मला नीट दिसलाच नाही. मधोमध स्वच्छ, पण कडा पुसट आणि खालच्या कोपऱ्यातली अक्षरं फाटल्यासारखी. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. भाचा म्हणे, मला तर काचेसारखं दिसतं. मग मी दोघांचे पीडी मोजले. त्याचं ६८, माझं ५९. तो चष्मा मोठ्या मापाचा होता. भिंगाचा मध्य आणि बाहुलीचा मध्य जुळला नाही की डोळ्यांचे स्नायू दोन चित्रं एकत्र आणायला सतत ओढत राहतात, आणि डोकं दुखतं ते त्यानेच. एक्सरिअल वन प्रो दोन मापांत येतो: एक ५७ ते ६६ मिलिमीटर पीडीसाठी, दुसरा ६६ ते ७५ साठी. तुला दुसराच घ्यायला हवा. खोक्यावर माप पाहूनच पैसे दे. विकणाऱ्याने "सगळ्यांना चालतो" म्हटलं तरी ऐकू नकोस.

दुसरं नंबराचं. चष्म्यातलं चित्र डोळ्यापासून बोटभरावर असलं तरी भिंगं ते काही मीटरांवर नेऊन ठेवतात. तुझ्या उणे २.२५ च्या डोळ्याला उघड्याने साधारण ४४ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं, म्हणजे नंबराशिवाय हा पडदा तुला धूसरच दिसणार. व्हिचर प्रो आणि रोकिड मॅक्समध्ये भिंगांच्या वरच्या बाजूला छोटी चाकं आहेत, ती फिरवून उणे पाच-सहापर्यंत नंबर जुळतो. सोय सुंदर आहे, पण बाबू, चाकाने सिलिंडर निघत नाही. चाक फक्त साधा उणे नंबर भागवतं. तुझ्या उजव्या डोळ्यात सव्वाचा सिलिंडर आहे, तो तसाच राहिला तर प्रत्येक अक्षराला एका बाजूने सावली धरेल आणि तासाभराने उजवा डोळा पाणावेल. म्हणून आतून नंबराची भिंगं बसवता येतील असाच चष्मा घे. त्यासाठीची छोटी चौकट काही कंपन्या पेटीतच देतात, काहींची वेगळी घ्यावी लागते. आपला रोजचा चष्मा घालून वरून हा चढवायचा खटाटोप करू नकोस. नाकावर दोन्ही बसत नाहीत, आणि बसवले तर चित्र लांब जाऊन कडा कापल्या जातात.

एक चांगली गोष्टही सांगतो, कारण तुझी आई मला विचारत होती की याने डोळे बिघडतात का. फोन हातात एक फुटावर धरलास की डोळ्याला जवळचं बघण्यासाठी तीनेक डायॉप्टरचा (भिंगाचा नंबर मोजतात ते एकक) जोर लावावा लागतो. हा पडदा चार मीटरवर भासतो, तिथे पाव डायॉप्टर पुरतो. बंकवर उताणा पडून तोंडावर फोन धरतोस त्यापेक्षा हे नक्की हलकं. पण एकटक बघताना पापण्या कमी लवतात, आणि केबिनमधल्या एसीची हवा कोरडी. मध्येमध्ये काढून पोर्टहोलमधून लांब बघ. एका बैठकीत दीड तासापुढे जाऊ नकोस.

बहुतेक चष्म्यांत चित्राचा बारीक पडदा कपाळापाशी असतो, उजेड खाली पडतो, अर्धपारदर्शक काचेवरून वळून वाटोळ्या आरशाकडे जातो आणि तिथून डोळ्यात येतो. या खटाटोपात बराच उजेड वाया जातो, आणि त्याच काचेत खालच्या गोष्टींचंही प्रतिबिंब पडतं. मला दोन दिवस सिनेमावर एक पांढरट पट्टा दिसत होता. तिसऱ्या दिवशी कळलं, तो माझाच पांढरा सदरा! तुझा गणवेश पांढरा. बघायला बसताना गडद टी-शर्ट घाल आणि मांडीवर गडद चादर घे. वन प्रोची काच वेगळ्या घडणीची, सपाट प्रिझमची आहे, तिच्यात हे प्रतिबिंब कमी येतं. काही चष्म्यांच्या पुढच्या काचा बटणाने काळ्या होतात, काहींना वरून झाकण लावायचं. केबिनमध्ये पडदा ओढलास की झाकणही पुरतं.

वायरीचं थोडक्यात. या चष्म्यांत बॅटरी नसते, फोन नाहीतर डेक त्यांना वीजही देतो आणि चित्रही. त्यासाठी टाईप-सी मधून चित्र बाहेर यायला हवं. माझ्या फोनला टाईप-सी आहे, पण त्यातून फक्त चार्जिंग होतं. चष्मा जोडला आणि काळोख. भोक तेच, आतलं काम वेगळं. तुझा आयफोन १५ चालेल, डेकही चालेल. पण दोघांनाही भोक एकच, म्हणून चष्मा लावलास की चार्जिंग बंद. चित्र आणि चार्जिंग एकदम होईल असा छोटा हब सोबतच घे. भर समुद्रात तो मिळणार नाही. सिनेमे उतरवून घेतलेस की बंदर सोडण्याआधी फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक ॲप चष्म्यावर एकदा चालवून बघ, कारण काही ॲप बाहेरच्या पडद्यावर चित्र द्यायला नकार देतात.

जहाजाचं म्हणून एक वेगळं आहे, त्यावर मी बराच विचार केला. चित्र दोन तऱ्हांनी राहतं. एक, मान वळवशील तिकडे सोबत येतं. दुसरं, जागच्या जागी खिळून राहतं आणि आपण मान वळवून त्याच्या कोपऱ्याकडे बघतो. खेळताना दुसरं फार सुखाचं. एक्सरिअल वनमध्ये ते काम चष्म्यातली चिप करते, म्हणून डेकला वेगळं काही लावावं लागत नाही. पण ही खिळवण्याची युक्ती चष्म्यातल्या सेन्सरच्या जिवावर चालते. आपली मान वळली की आख्खं वाहन वळलं, हे त्याला कळत नाही. भाच्याने येताना कोकण रेल्वेत लावला होता. गाडी वळण घेई तसा पडदा हळूहळू खिडकीकडे सरकत जायचा. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात मात्र, बाहेर काळोख आणि आत पडदा, त्याला सगळ्यात मजा आली म्हणे. तुमचं जहाज कोर्स बदलेल तेव्हा तुझाही पडदा असाच बाजूला जाईल, बटण दाबून पुन्हा मध्ये आणायचा. रोलिंगमध्ये, म्हणजे जहाज डोलताना, काय करावं याचं गणित मला असं दिसतं: मळमळ होते ती डोळा एक सांगतो आणि तोल सांभाळणारा आतला कान दुसरं सांगतो म्हणून. खिळलेला पडदा क्षितिजाशी सरळ राहील आणि केबिन त्याच्याभोवती डोलेल, म्हणजे तो कानाच्या बाजूने बोलेल. सोबत फिरणारा पडदा केबिनसारखाच स्थिर भासेल. शांत दिवशी दोन्ही करून बघ आणि मला कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय. समुद्र खवळलेला असेल तर पेटीतून काढूच नकोस.

आणि हे अगदी मनावर घे. तुझा वॉच, म्हणजे ब्रिजवर जहाज चालवायची पाळी, रात्री बारा ते चार. लख्ख पडद्यावरून उठलास की डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. ब्रिजवर जायच्या अर्धा-पाऊण तास आधी चष्मा पेटीत गेला पाहिजे. रापणीची होडी किंवा दिवा न लावलेला मचवा कसा अचानक समोर येतो, ते आपण दोघांनी लहानपणी पाहिलंय. केबिनमध्येही कानात गच्च बसणारे इअरफोन घालू नकोस, काड्यांतल्या स्पीकरवरच ऐक. आवाज थोडा बाहेर जाईल, पण अलार्म ऐकू येईल.

मग कुठला? दुकानात बसून मोठ्या मापाचा वन प्रो लाव. तुझी कॉन्टॅक्ट लेन्स घालून जा, म्हणजे नंबराची अडचण येणार नाही. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मान न हलवता वाचता आली तर तोच घे. कोपरे पुसट वाटले तर ५० अंशांचा साधा वन, तो निघाला तेव्हा ४९९ डॉलरचा होता. वजन दोन्हींचं ऐंशी-नव्वद ग्रॅमच्या मध्ये, रोजच्या चष्म्याच्या तिप्पट-चौपट, म्हणून नाकाच्या गाद्या बदलून बघ. तो डोळे पूर्ण झाकणारा क्वेस्ट ३ हेडसेट घ्यायचा मोह होईल. त्याचं जग वेगळं आणि खूप मोठं, पण ५१५ ग्रॅम तोंडावर बांधून बंकवर आडवं पडता येत नाही. वॉरंटी भारतात चालेल का तेही विचारून घे.

परवा रात्री लाईट नव्हती तेव्हा तुझी फार आठवण आली. गणपतीत वाडीत भाड्याने व्हीसीआर यायचा, तुमच्या खळ्यात गोणपाटं अंथरून चाळीस माणसं एका टीव्हीपुढे, आणि आपण दोघं पुढे, मान वर करून. भाच्याचा चष्मा लावून बसलो होतो तर शेजारी कोणाला काही दिसत नव्हतं, मी एकटाच बघत होतो. थोड्या वेळाने काढून ठेवला आणि भजनाला जाऊन बसलो. जहाजावर तुला तसं उठून जाता येत नाही, म्हणून तर तो तुझ्याकडे असावा असं वाटतं.

घेतलास की नंबराच्या चौकटीचा मोजपट्टी शेजारी ठेवून सरळ वरून फोटो पाठव. भिंगं घासून ठेवतो. तुझ्या कंपनीतला तो देवबागचा मुलगा पुढच्या महिन्यात जहाजावर चढतोय ना, त्याच्याकडे देईन. पुडीवर उजवा-डावा लिहिलेलं असेल, उलट बसवू नकोस. तोवर कॉन्टॅक्ट लेन्सवर काम चालव, पण त्या घालून झोपू नकोस.

आईची काळजी करू नकोस. दर रविवारी मी जाऊन येतो, तिच्या डाव्या डोळ्यातले थेंब आता बंद झालेत.

तुझाच,
बाळा