सात एप्रिल यंदा मरोळला

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रोज फोन होतो तर पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर घराचा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई मला जेवलीस का विचारते. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून स्वतः वाचा. आईला वाचायला बसवून तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहू नका.

मरोळचं घर मी घेतलं. चाळीच्या जागी नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत भाड्याने. करार झाला, डिपॉझिट भरलं, किल्ली माझ्याकडे आहे. तुम्हाला विचारत बसले असते तर पुढच्या दिवाळीपर्यंत तुम्ही "बघू" म्हणत राहिला असता. चाळ रिकामी करायची तारीख आलीय, आणि बिल्डर देतोय त्या भाड्यात गिरगावात लिफ्ट असलेलं घर मिळत नाही. मी खरंच शोधलं. ठाकूरद्वारला एक मिळत होतं, पण दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना आपल्या चाळीपेक्षा उभा. बाबांना स्टेंट घातल्यावर डॉक्टर जिन्याबद्दल काय म्हणाले ते तुम्ही दोघांनी ऐकलंय. रात्री-अपरात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत बाबा भिंत धरून जातात, हे आई मला सांगत नाही. पण मला दिसतं.

इथे संडास घरात, लिफ्ट दारात, आणि मी पुढच्या गल्लीत. आई, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. ओट्याची उंची मी तुझ्या मापाने बघितली, खांदे उचलावे लागणार नाहीत. तुळशीला ऊन मिळेल. देव्हारा कुठे ठेवायचा ते तू आल्यावरच ठरव, मी खिळा ठोकलेला नाही. बाबांची आरामखुर्ची टीव्हीसमोर बसते, टेप लावून मोजलंय. पेपरवाल्याला सांगून ठेवलंय, सहाच्या आत टाकतो म्हणाला.

आता खरं बोलते. बाबांचं घोडं कुठे अडलंय ते मला ठाऊक आहे. सात एप्रिलला.

बाबा, दर वर्षी त्या दिवशी आपल्या खोलीत जितूचा, तुमच्या लाडक्या जितेंद्रचा, वाढदिवस होतो आणि त्याचा 'फर्ज' सिनेमा लागतो. बंड्याकाका, नाना, शरदकाका सतरंजीवर, तुम्ही खुर्चीत, दारात चाळीतली पोरं. आधी व्हिडिओ कॅसेट होती, मग ती व्हीसीडी जी 'मस्त बहारों का' च्या ऐन मध्यावर अडकायची. ती अडकली की चौघं मिळून पुढचं कडवं म्हणायचात आणि चित्र हलेपर्यंत थांबत नव्हतात. तो आवाज माझ्या कानात आहे. आता बंड्याकाका विरारला, नाना डोंबिवलीला, शरदकाका लेकाकडे घाटकोपरला. चाळ पडली की हे सगळं पडलं, असं तुम्ही आईला म्हणालात. तिने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका.

म्हणूनच मरोळ, बाबा. नकाशा घेऊन बसले होते मी. बंड्याकाकांनी विरारहून लोकलने अंधेरीला यायचं आणि मेट्रो धरायची. नानांनी डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून तीच मेट्रो उलट्या बाजूने. शरदकाकांना तर घाटकोपरला थेट मेट्रोतच बसायचं. तिघंही मरोळ नाक्याला उतरतात, आणि तिथून आपलं घर हळूहळू चाललं तरी लांब नाही. तिघांशी बोललेय. नाना फोनवर आधी गप्प झाले, मग म्हणाले, "ए पोरी, साउंड चांगला आहे ना टीव्हीचा?" आहे. वेगळा स्पीकर घेतलाय.

आणि तुम्हाला गिरगावात जावंसं वाटेल तेव्हा तुम्ही जाल. त्याच मरोळ नाक्यावरून मेट्रो ३ सुटते ती गाडी न बदलता गिरगाव स्टेशनला पोचवते. साधारण पाऊण तास, एसी, दोन्हीकडे सरकते जिने आणि लिफ्ट. खोदकामाच्या वेळी तुम्ही किती चिडला होतात, मीटिंगांना जायचात, ते मी विसरलेले नाही. तेव्हाचा राग खराच होता, बाबा, लोकांची घरं गेली. पण आता ती गाडी तुम्हाला कट्ट्यावर नेणार असेल तर बसा तिच्यात. फक्त ऑफिसच्या वेळेत जायचं नाही. अकरानंतर निघायचं, चारच्या आत परत.

तुम्ही म्हणता, "जितू आपल्या गिरगावचा, त्याचा वाढदिवस मरोळला कसला?" यावर मी खूप विचार केला. जितू जन्मला अमृतसरला, १९४२ साली. वाढला गिरगावच्या चाळीत, रवी कपूर म्हणून. इमिटेशन ज्वेलरीचा घरचा धंदा, तो माल पोचवायला शांतारामबापूंकडे जाणं, तिथे मिळालेलं 'नवरंग'मधलं किरकोळ काम, मग १९६४ चा 'गीत गाया पत्थरों ने'. हे सगळं मला तुम्हीच ताट वाढेपर्यंतच्या वेळात सांगितलंय. तो जुहूला गेला त्यालाही आता किती वर्षं झाली. अजून मुलाखतीत मराठी किती सहज बोलतो! चाळीचा विषय निघाला की त्याचा चेहरा बदलतो हे तुम्हीच मला टीव्हीवर बोट ठेवून दाखवलंत. गिरगाव त्याच्यातून गेलं नाही, मग तुमच्यातून कसं जाईल?

लहानपणी मला 'फर्ज' हेराचा सिनेमा आहे हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, तो वाढदिवसाचा सिनेमा आहे. 'बार बार दिन ये आये' मध्ये सुनीताच्या जागी तुम्ही माझं नाव घालायचात. मला अगदी खात्री होती की रफीसाहेबांनी ते मूळ माझ्यासाठीच गायलंय आणि सिनेमावाल्यांनी नंतर नाव बदललं. शाळेत एका मुलीशी यावरून भांडलेही. आज देशात कुठेही केक कापताना ते गाणं लागतं. ते १९६७ च्या एका गुप्तहेराच्या चित्रपटातलं आहे, आनंद बक्षींनी लिहिलंय, लक्ष्मीकांत-प्यारेलालांचं आहे, हे कित्येकांना माहीत नसतं. मी मात्र प्रत्येक वाढदिवसाला कुणाला तरी सांगतेच. तुमच्यामुळे.

मोठी झाल्यावर पुन्हा नीट बघितला, एकटीने. बाबा, मनापासून सांगते, गोष्ट काही फार मोठी नाही. एका एजंटचा खून होतो, तपासाला आलेला एजंट ११६ गोपाळ सुनीताच्या प्रेमात पडतो आणि संशय जातो तिच्याच वडिलांवर. पुढचं मध्यंतरापर्यंत ओळखता येतं. पण जितू पडद्यावर आला की माझी नजर हलत नाही. टी-शर्ट आणि पांढरे बूट. ते त्याने स्वतः साध्या दुकानातून उचलले होते आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. परदेशी सिनेमातला हेर सूट घालून कसिनोत बसायचा, त्याचं कौतुक करायचं ते लांबून. हा मात्र आपल्यासारख्याच चाळीत नळाला पाणी कधी येतं ते बघत वाढलेला मुलगा, आणि देशाची गुपितं त्याच्या हवाली. ६२ आणि ६५ ची युद्धं नुकती होऊन गेलेली. सतराव्या वर्षी लॅमिंग्टन रोडवर तिकिटाच्या रांगेत उभं राहिलेल्या तुम्हाला तेव्हा काय वाटलं असेल, ते मला आता कळतं.

मूळ तेलुगू 'गूढचारी ११६', कृष्णाचा आणि जयललिताचा, हे नानांना पाठ. त्या तेलुगू चित्रपटाचा कॅमेरा रविकांत नगाइचचा आणि 'फर्ज'चं दिग्दर्शनही त्याचंच, हे शरदकाकांना पाठ. राजेश खन्नाही गिरगावचा, जितूच्याच शाळेतला, म्हणून बंड्याकाका मध्येच 'काका'ची बाजू घेणार आणि वाद पेटणार. मग तुम्ही हात वर करून म्हणणार, "नगाइचने खन्नाला घेऊनही 'द ट्रेन' केला, झालं समाधान?" हे सगळं मरोळच्या खोलीतही होईल, बाबा. भिंती नव्या असल्या तरी वाद तेच राहतील.

आई, तू हसत असशील. तुझा जितू वेगळा, मला माहीत आहे. तुझा 'परिचय'मधला, मिशीवाला, मुलांना शिकवायला आलेला. माणूस उड्या मारायचा थांबला की त्यातला नट दिसतो, हे तुझं म्हणणं मला पटतं. बाबांसमोर मी ते कबूल करत नव्हते, आज लिहून देते. पण १९८२ मध्ये एजंट ११६ 'रक्षा'मधून परत आला तेव्हा तू मला मांडीवर घेऊन बाबांबरोबर थेटरात गेली होतीस. मी मध्येच रडायला लागले आणि बाकीचा अर्धा सिनेमा तू बाहेर पायरीवर बसून घालवलास. त्याची तक्रार तू आजवर केली नाहीस. म्हणून या वर्षी दुपारी 'फर्ज' आणि रात्री 'परिचय', हे मी ठरवून टाकलंय. त्यात बदल होणार नाही.

आता ऐका, दोघांनीही.

बाबा, 'मस्त बहारों का' लागलं की खुर्चीतच बसायचं. हात हलवा, टाळ्या वाजवा, पण उडी मारायची नाही. मागच्या वर्षी तुम्ही उठलात आणि आई पदर तोंडाशी धरून दारात उभी राहिली, ते मला पुन्हा बघायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी त्या दिवशीही जेवणानंतर लगेच. पाहुणे आले म्हणून ती टळायची नाही. बंड्याकाकांची शुगर वाढलीय, तेव्हा त्यांच्या निमित्ताने तुम्हीही गोड कमीच खायचं. एक वाटी श्रीखंड चौघांत. आई, तू त्या दिवशी ओट्याशी उभी राहायचं नाहीस. सगळं मी करून आणणार. तुझा गुडघा दुखतोय हे तू लपवतेस, पण जिना उतरताना तू हल्ली आधी डावा पाय टाकतेस.

आवराआवर तुम्ही करायची नाही. शनिवारी मी आणि हे येतोय. माळ्यावर कुणीही चढायचं नाही. तिथे पत्र्याच्या पेटीमागे बाबांचे लग्नातले पांढरे बूट आहेत, जुन्या धोतरात गुंडाळलेले. टाचा झिजल्यात आणि पांढऱ्या पॉलिशचे पोपडे निघालेत, तरी ते भंगारात द्यायचे नाहीत. आई, तुला ते अडगळ वाटतात, पण या बाबतीत मी बाबांच्या बाजूने आहे. कॅसेटीही राहू देत, चालत नसल्या तरी. पुस्तकं आणि भांडी वेगवेगळ्या खोक्यांत जातील. सिनेमाच्या जाहिराती चिकटवलेल्या बाबांच्या वह्या मी माझ्या पिशवीतून नेईन, टेम्पोत टाकणार नाही.

नवी बिल्डिंग झाली की तुम्ही गिरगावातच परत याल. कागदावर तुमच्या खोलीचा हक्क आहे, वकिलाकडून दोनदा वाचून घेतलाय. तुम्हाला तिथून कायमचं हलवायचा माझा विचार नाही, आणि कुणी तसं म्हणालं तर ऐकू नका. एवढाच काळ माझ्याजवळ राहा. रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही पुढच्या गल्लीत असलात की मी नीट झोपेन. थोडं माझ्यासाठीही या, बाबा.

शनिवारी सकाळी नऊला टेम्पो येईल. साडेआठला दोघांनी नाश्ता आणि गोळ्या उरकलेल्या असाव्यात.

तुमची,
मनी

ता. क. बंड्याकाकांना मेट्रोचं कार्ड कसं काढायचं ते समजत नाहीये. तुम्ही फोन करून सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतात. आणि त्यांना म्हणावं, अंधेरीला पुलावर घाई करायची नाही, सिनेमा ते आल्याशिवाय सुरू होणार नाही.