ऑपरेशन फुकट होतं, पण रोजच्या गोळीचं काय?

मा. संपादक,
स. न.

अमेरिकेत दवाखान्याचं बिल किती येतं यावर बरंच छापून येतं आणि ते खरंही आहे, पण ज्यांच्याकडे इन्शुरन्सच नाही ती माणसं इथे काय करतात हे फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी साउथ कॅरोलिनात राहते आणि एका फ्री क्लिनिकमध्ये व्हॉलंटिअर म्हणून रिसेप्शनला बसते.

येणारे सगळे कष्ट करून खाणारे असतात. छपरं दुरुस्त करणारे, हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या बायका, म्हाताऱ्यांना घरी जाऊन सांभाळणाऱ्या. मालक इन्शुरन्स देत नाही आणि स्वतः घ्यायला परवडत नाही. 2010 च्या ओबामाकेअर कायद्याने गरिबांना मेडिकेड (सरकारी इन्शुरन्स) मिळणार होतं, पण 2012 ला सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि आमच्या राज्याने, टेक्सास-फ्लोरिडासारखंच, ते वाढवलंच नाही. त्यामुळे मूलबाळ नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असला तरी त्याला मेडिकेड नाही, आणि कमाई अगदीच कमी असेल तर विकतच्या पॉलिसीवर सबसिडीपण नाही. हे मला अजूनही पटत नाही.

इमर्जन्सीत कुणाला परत पाठवायचं नाही असा 1986 चा कायदा आहे, पण तो त्या वेळेपुरता, बीपीची गोळी महिनोन् महिने तिथून मिळत नाही. मध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ आले, त्यांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली तर आत सुरीने तोडलेल्या अर्ध्या अर्ध्या गोळ्या आणि तळाला नुसता चुरा. पगार होईपर्यंत पुरवायच्या होत्या म्हणाले. नर्सने बीपी मोजलं, पाच मिनिटं शांत बसवून परत मोजलं आणि न बोलता आत डॉक्टरांना बोलवायला गेली. डॉक्टर रिटायर्ड हार्ट स्पेशालिस्ट, त्यांनी रागावणं वगैरे काही केलं नाही, रक्त तपासायला घेतलं, पूर्ण डोसच्या गोळ्या दिल्या आणि पुढची तारीख. पैसे शून्य.

असे रिटायर्ड डॉक्टर हाच या कामाचा कणा आहे. याच राज्यात हिल्टन हेड बेटावर डॉ. जॅक मॅकॉनेल यांनी 1994 मध्ये व्हॉलंटिअर्स इन मेडिसिन नावाचं क्लिनिक उघडलं. बेटावर निवृत्त डॉक्टर भरपूर आणि तिथेच राबणाऱ्या लोकांना डॉक्टर नाही, ही दोन टोकं त्यांनी जोडली. लायसन्सची अडचण आली तेव्हा अशा डॉक्टरांसाठी राज्याकडून वेगळं लायसन्स मिळवलं. उद्या कुणी केस केली तर काय ही भीतीही असतेच, त्यासाठी फ्री क्लिनिकमध्ये विनामोबदला काम करणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण द्यायची तरतूद 1996 च्या केंद्रीय कायद्यात आहे.

आता आपल्याकडे. महात्मा फुले योजना आणि आयुष्मानमध्ये वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार होतात, फार मोठी गोष्ट आहे, पण त्या मुळात ॲडमिट झालेल्या पेशंटसाठी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केलेत, तेही चांगलंच, पण ओपीडीची मुख्य वेळ सकाळची आणि रोजंदारीवरचा माणूस सकाळी रांगेत उभा राहिला की त्याचा रोज बुडाला. मग तो बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करतो आणि एकदम लकवा मारल्यावरच दवाखान्यात पोचतो, तेव्हा योजना लागू होते! मुंबईत ‘आपला दवाखाना’ हा सरकारी मोफत दवाखाना संध्याकाळीही उघडा असतो, 2023 मध्ये राज्याने तालुक्यांतही तो सुरू केला, मग प्रत्येक तालुक्याच्या गावात संध्याकाळी अशी सोय का नको?

प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी रिटायर्ड डॉक्टर असतील, एखाद्या ट्रस्टची नाहीतर देवस्थानाची खोली असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी, फक्त बीपी आणि शुगर, तपासणी आणि महिन्याच्या जेनेरिक गोळ्या. गोळ्या फार महाग नसतात, गावातले व्यापारी, परदेशातली आमच्यासारखी मंडळी आनंदाने देतील. शिबिरं नकोत प्लीज, शिबिराचा फोटो निघतो आणि पुढच्या महिन्याची गोळी कुणीच देत नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. असं काम काही ठिकाणी नक्की चालू असणार, तर तुमच्या जिल्हा पानांवर अशा दवाखान्यांचे पत्ते आणि वेळा दर आठवड्याला छापाल का? सोबत कुठे डॉक्टर हवेत, कुठे औषधं कमी पडतायत तेही द्या, म्हणजे देणाऱ्यांना पत्ता मिळेल.

आपली,
एक वाचक, साउथ कॅरोलिना