पुस्तके रद्दीत जाण्याआधी शाळेत परत यावीत

मा. संपादक,
स. न.

वार्षिक परीक्षा संपल्या की रद्दीच्या दुकानांपुढे वह्या-पुस्तकांचे ढीग लागतात. परवा अशाच एका ढिगातली विज्ञानाची दोनशे पानी वही उचलून पाहिली. शेवटच्या पानापर्यंत पट्टीने समास आखलेला आणि जेमतेम पाव वही लिहिलेली, बाकी सगळी कोरी करकरीत. रद्दीचा लगदा होऊन पुन्हा कागद तयार होतो हे खरे, पण त्यालाही पाणी आणि वीज लागतेच. ज्या पानावर अजून एक ओळही लिहिलेली नाही त्याचा लगदा कशासाठी?

पाठ्यपुस्तकांचेही तेच. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत ती मोफत मिळतात, ही मोठीच सोय आहे. पण पूर्वी थोरल्याची पुस्तके धाकट्याला जायची, नाहीतर शेजारी निम्म्या किमतीत. पुस्तकात पेनाने रेघ मारली तर घरी बोलणी बसत. 2023-24 पासून पुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली. दप्तर हलके व्हावे हा हेतू चांगला होता, पण मुले वह्या आणतच राहिली, आणि लिहिलेले पुस्तक दुसऱ्याच्या कामाचे उरले नाही. जानेवारी 2025 मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला, ते योग्यच झाले. आता पुस्तक पुन्हा या हातातून त्या हातात जाऊ शकते.

निकालाच्या दिवशी पालक शाळेत येतातच. त्याच दिवशी वर्गशिक्षकांनी जुनी पुस्तके जमा करून घ्यावीत आणि धड असलेली पुढच्या वर्षीच्या मागणीतून वजा व्हावीत. अभ्यासक्रम बदललेल्या इयत्तांना हे लागू होणार नाही. लहान वर्गांत पुस्तकातच लिहायचे असते, तीही सोडावीत. वह्यांची कोरी पाने मात्र कोणत्याही इयत्तेची चालतात. कार्यानुभवाच्या तासाला दाभण-दोऱ्याने ती शिवली की उत्तम कच्ची वही होते. ‘टाकाऊपासून टिकाऊ’च्या नावाखाली दुकानातून नवे रंगीत कागद आणवण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आणखी एक. खाकी कव्हरावर पुन्हा प्लॅस्टिकचे कव्हर हवेच, हा काही शाळांचा आग्रह येत्या जूनपासून बंद व्हावा. शिक्षण विभागाने तसे परिपत्रकच काढावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा