सिस्टर कसल्या, जावा-जावा आहेत त्या

प्रिय कॅप्टन,

(पहिल्या क्रूझवरून ती पांढरी टोपी घालून उतरलास तेव्हापासून हे नाव तुला चिकटलंय, आता जन्मात सुटणार नाही.)

काल फोनवर तू पाऊण तास बोललास आणि मला 'हं' आणि 'अरे पण' याच्यापुढे सरकताच आलं नाही, म्हणून आज लिहायलाच बसलो. तुझं दुखणं कळलं मला. बारा वर्षं एकाच कंपनीची जहाजं केलीस, रात्री मोजून ते जुन्या गिऱ्हाइकाला जो मान (म्हणजे स्टेटस) देतात त्याच्या वरच्या टियरला, वरच्या पायरीला पोचलास, या वेळी वहिनी म्हणाल्या म्हणून त्याच ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीवर गेलास आणि केबिनमध्ये टेबलावर चिठ्ठी काय, तर 'आमच्यासोबत पहिल्यांदाच प्रवास करताय, स्वागत आहे'. पहिल्यांदाच! तुला! त्यानंतर यांनी दोन दिवस तोंड फुगवलं होतं असं वहिनी मागून म्हणत होत्या, ते पण ऐकू आलं बरं का.

काल फोन ठेवला तेव्हा मी शंभर टक्के तुझ्या बाजूने होतो. मालक एकच, पैसे शेवटी एकाच गल्ल्यात जाणार, मग इकडच्या रात्री तिकडे का नाही धरत, साधा प्रश्न आहे. पण रात्री झोप येईना म्हणून हिशोब करत बसलो आणि माझं मत जरा घसरलं. म्हणजे तुझ्याच बाजूने आहे अजून, पण अर्धा.

आधी तो 'सिस्टर ब्रँड' (एकाच मालकाच्या कंपन्यांना म्हणतात तो) शब्द काढून टाक डोक्यातून, त्यानेच सगळा घोळ केलाय. बहिणी एका घरात वाढतात. या जावा आहेत रे, वेगवेगळ्या माहेरांहून एका घरात आलेल्या. कार्निव्हल या क्रूझ कंपनीने हॉलंड अमेरिका ही दुसरी कंपनी १९८९ मध्ये घेतली, क्युनार्ड १९९८ मध्ये, आणि प्रिन्सेस २००३ मध्ये पी अँड ओ प्रिन्सेसच्या सौद्यात आली. आता क्युनार्डचं पहिलं जहाज १८४० मध्ये अटलांटिक ओलांडून गेलेलं आणि कार्निव्हलचा जन्म १९७२ चा, म्हणजे सासरच सुनेपेक्षा १३२ वर्षांनी लहान! अशा घरात प्रत्येकीने येताना आपली जुनी गिऱ्हाइकं, आपले रिवाज आणि आपलं पॉइंट्सचं खातंही सोबत आणलं, आणि ही खाती तिथे वेगवेगळीच चालत आलीत. हॉलंड अमेरिकेचे पाच स्टार मिरवणारा माणूस प्रिन्सेसवर गेला तर सुरुवात तळापासून.

सगळीकडे असंच आहे असं पण नाही. रॉयल कॅरिबियनने सेलिब्रिटी १९९७ मध्ये घेतली, दोघींत थोडीफार देवाणघेवाण आधीपासून होती, मग सिल्व्हरसी आली आणि २०२४ मध्ये तिघींचं स्टेटस एकमेकींशी जुळवून टाकलं. नॉर्वेजियनने ओशेनिया आणि रीजंट २०१४ मध्ये घेतल्या आणि एकमेकींचं स्टेटस मानायला २०२५ उजाडलं, अकरा वर्षं लागली जावांना एकमेकींच्या पाहुण्याला चहा विचारायला. आणि गंमत बघ, एमएससी तर दुसऱ्या कंपनीचं, अगदी हॉटेलचं सुद्धा कार्ड बघून स्टेटस देत आलीय. परक्याचं कार्ड चालतं आणि घरातल्याचं चालत नाही, यावर तू चिडलास तर ते मला पटतं.

पण आता हिशोबाकडे ये, कारण माझी झोप तिथेच उडाली. रॉयल कॅरिबियनवर एका रात्रीला एक पॉइंट, सूट (म्हणजे मोठी, महागडी केबिन) घेतला तर दोन, एकटा असशील तर वर आणखी एक. ८० झाले की डायमंड, १७५ ला डायमंड प्लस, ७०० ला पिनॅकल. सेलिब्रिटीवर मोजमापच वेगळं, आतल्या किंवा खिडकीच्या केबिनला रात्रीला २, बाल्कनीला ३, आणि सगळ्यात वरच्या सूटला १८. तिथे ३०० ला एलिट, ७५० ला एलिट प्लस आणि ३००० ला झेनिथ. आता डायमंड म्हणजे एलिट असं जुळवलेलं आहे ना, मग बघ, आतल्या केबिनमधला माणूस इकडे ८० रात्रींत पोचतो त्याच जागी तिकडे पोचायला १५० रात्री लागतात. सूटमध्ये एकटा फिरणारा इकडे २७ रात्रींत डायमंड! आणि वरची जोडी तर बघूच नको, ७०० रात्रींचा पिनॅकल आणि ३००० पॉइंट्सचा झेनिथ एका पंगतीला, बाल्कनीत बसून ३००० करायचे तर १००० रात्री होतात. हजार रात्री म्हणजे पावणेतीन वर्षं पाण्यावर रे! ज्याने त्या काढल्या त्याच्या शेजारी तिनशे रात्री कमी केलेला माणूस येऊन बसला, तोच ग्लास, तेच फुकट वायफाय, तर त्याला काय वाटेल? तुला चिठ्ठी वाचून जे वाटलं तेच.

म्हणजे एकाचा पंक्तिप्रपंच मिटवायला गेलं की दुसऱ्याचा सुरू होतो. तू म्हणशील मग दर नीट लावा की, चलनाचा लावतात तसा. लावता येईल, पण त्यात एक गोम आहे, तिच्याकडे नंतर येतो.

त्याआधी हे सांग, फायदे फायदे म्हणतोस त्यात नेमकं काय काय येतं? मी दोन ढीग केले. एका ढिगात लॉन्ड्री, स्वस्त वायफाय, दुकानातली सवलत, रोजची चार ड्रिंक्स (डायमंडला चारच असतात, प्लसला पाच). हे तुला दिलं म्हणून माझं काही जात नाही, कंपनीचं जातं, जाऊ दे. दुसऱ्या ढिगात आधी बोर्डिंग, टेंडर बोटीत (जहाजावरून किनाऱ्याला नेणारी छोटी बोट) आधी नंबर, संध्याकाळचं लाउंज. हे तुला मिळतं तेव्हा ते माझ्याकडूनच येतं, कारण तू पुढे गेलास म्हणजे मी मागे गेलो, तिसरं काही होऊच शकत नाही. आणि या दुसऱ्या ढिगाची सगळी मजाच अशी की ते थोड्यांना मिळतं.

मागे मी एका जहाजावर होतो (नाव नाही सांगत, त्यांची चूक नव्हती म्हणा किंवा होती म्हणा), बंदर छोटं, जहाज बाहेर नांगरलेलं, सगळ्यांना थिएटरात बसवलेलं, आणि माइकवर घोषणा झाली की वरच्या दोन टियरच्या पाहुण्यांनी कृपया टेंडरकडे चलावं. अर्धं थिएटर उभं राहिलं! शप्पथ. जे उभे राहिले ते एकमेकांकडे असे बघत होते की हा पण? ही पण? आणि आम्ही उरलेले खुर्चीत बसून हसत होतो, कारण आता आमची रांग त्यांच्यापेक्षा लहान होती. आता विचार कर, त्यात आणखी दोन जावांकडचे वरचे टियर मिसळले असते तर काय झालं असतं.

तू काल हॉटेलांचं उदाहरण दिलंस, मॅरियट आणि स्टारवुडचं, की त्यांनी २०१८ मध्ये दोन्हीकडचे पॉइंट्स एकत्र केले आणि आकाश कोसळलं नाही. बरोबर आहे. पण हॉटेलात रात्री खोल्या रिकाम्या राहतात, ती रिकामी मोठी खोली तुला दिली तर हॉटेलचं जवळपास काहीच गेलं नाही. जहाज भरूनच निघतं. क्रूझवाले एका केबिनला दोन माणसं धरून शंभर टक्के मोजतात, तिसरी चौथी पोरं आली की आकडा शंभराच्या वर जातो, आणि मोठ्या कंपन्यांची जहाजं शंभराच्या वर जातातच. आयकॉन ऑफ द सीज घे, दोन-दोन धरून ५६१०, आणि सगळे पलंग भरले तर ७६०० माणसं. अशा ठिकाणी मान द्यायला जागाच शिल्लक नसते, ती गर्दीतून काढावी लागते. म्हणून तर लाउंजमध्ये बसवून पाजण्याऐवजी कार्डावर व्हाउचर टाकून देतात, कुठेही बस आणि पी बाबा, फक्त लाउंजमध्ये येऊ नकोस!

आणि उलट दिशेने गेलास तर वेगळीच गंमत. समजा तू डायमंड प्लस होऊन सिल्व्हरसीवर गेलास, तर तिथे ड्रिंक्स सगळ्यांनाच भाड्यात आहेत, म्हणजे तुझी पाच ड्रिंक्स काय कामाची? रीजंटवर तर किनाऱ्यावरच्या बऱ्याचशा सहलीही भाड्यातच धरलेल्या असतात. साडेसातशे माणसांच्या आतल्या जहाजावर बोर्डिंगला रांग ती किती असणार की तू ती तोडशील. स्टेटस जुळलं हे खरं, पण हातात पडतं काय तर कार्डावरचा एक शब्द. स्वस्तातून महागात गेलास की मान पोकळ होतो आणि महागातून स्वस्तात आलास की लाउंज भरतं. म्हणजे कंपनी जेव्हा 'तुमचं स्टेटस आता सगळीकडे' म्हणते ना, तेव्हा ती तुला काही देत नसते फारसं, ती तुला महागडं जहाज एकदा चाखून बघ म्हणत असते. त्यात वाईट काही नाही, पण भुलायचं पण नाही.

आता ती गोम. रात्री वेगळ्या, केबिनचे गुणाकार वेगळे, भाडी वेगळी, मग एकाचं दुसऱ्याकडे न्यायचं तर सगळ्यांना कळेल असं एकच माप लागणार ना? आणि सगळ्या जहाजांवर सारखं असलेलं माप एकच आहे, पैसा. कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलंच आहे की २०२६ पासून रात्री मोजायच्या नाहीत, खर्च मोजायचा, आणि स्टेटस पण टिकवत राहावं लागणार. लोक किती भडकले ते तुला माहीतच आहे, तूच मला ते सगळं पाठवत होतास. अरे पण तुझ्या मागणीचं टोक तेच आहे! खर्च मोजला की हे स्टेटस कुठेही नेणं एकदम सोपं, डॉलर तो डॉलर. आणि मग तुझं काय होईल? बारा वर्षं आतली केबिन, ऑफ सीझन, शेवटच्या क्षणाचं बुकिंग, बारमध्ये दिवसाला एक बिअर आणि कॅसिनोकडे ढुंकून बघत नाहीस. रात्रींच्या हिशोबात तू राजा आहेस, पैशाच्या हिशोबात एकदा सूट घेणारा माणूस आठवडाभरात तुझ्या पुढे. चालेल का तुला? मला तर नाही चालणार, मी पण आतल्या केबिनवालाच.

अजून एक, हे जावांचं नातं पक्कं नसतं. अझमारा रॉयल कॅरिबियनच्याच घरात होती, २०२१ मध्ये विकली आणि सोबत तिची ती देवाणघेवाण पण संपली. ज्यांनी त्या भरवशावर तिकडे रात्री जमवल्या होत्या त्यांच्या हातात काय राहिलं? तुझ्या स्वतःच्या कंपनीतल्या रात्री निदान तुझ्या कंपनीच्या वहीत तरी राहतात.

मग मी काय केलं असतं? मला कोणी विचारत नाहीये, पण तरी. पहिला ढीग सगळीकडे चालू द्यावा, लॉन्ड्री, सवलत, वायफाय, द्या बिनधास्त, ज्या घरात गेलास तिथली एक पायरी खाली धरून. दुसरा ढीग, रांगा आणि लाउंज, त्याच घरच्या माणसांना ठेवावा, तू तिथे आज आलायस, तो वीस वर्षं येतोय, त्याला पुढे जाऊ दे. पॉइंट्स मिसळायचे नाहीत अजिबात, रात्री जिथल्या तिथे. आणि ती चिठ्ठी मात्र बदलायला पाहिजे, तिथे तू शंभर टक्के बरोबर आहेस. 'तिकडे इतक्या रात्री केल्यात, इकडे पहिल्यांदा आलात, आनंद झाला' एवढं एक वाक्य छापायला काय खर्च येतो यांना, एकाच ग्रुपची कंपनी आहे, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत असं थोडंच आहे. तुझं अर्धं दुखणं त्या एका वाक्याचं होतं, लॉन्ड्रीचं नव्हतं. तू लॉन्ड्री करतोस कधी, दोन टी-शर्टवर दहा दिवस काढणारा माणूस तू!

बाकी पाऊण तासात तू एक गोष्ट सांगितलीच नाहीस. जहाज कसं होतं? शोज, जेवण, डेकवर बसायला शांत जागा होती का? वहिनींना आवडलं का? त्यांना फोन दे पुढच्या वेळी, मी पुढच्या वर्षी तेच जहाज करायचं म्हणतोय आणि तुझ्याकडून खरा रिपोर्ट मिळेल असं वाटत नाही.

तुझाच,
टोपी न घेतलेला