‘स्वतःसाठी घरही बांधले नाही’, पण का?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत लहान गावातल्या एका बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, सेवेवर आलेला लेख वाचला. अशा माणसांकडे वर्तमानपत्रांचे लक्ष एरवी नाताळच्या आठवड्यापुरतेच जाते, त्यामुळे आपल्या प्रतिनिधीने एवढा सविस्तर लेख लिहिला याबद्दल प्रथम आभार मानते. मात्र ‘त्यांनी घरादाराची कधी पर्वा केली नाही, स्वतःसाठी साधे घरही बांधले नाही’ हे जे वाक्य आपण चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

माझे वडीलही असेच पाळक होते, आणि त्यांच्या सेवेविषयी मला कोणाकडून शिकायचे नाही. रविवारची उपासना आणि संदेश हा त्यांच्या कामाचा लोकांना दिसणारा भाग. उरलेला आठवडा दवाखाना, मयत, नवरा-बायकोची भांडणे आणि कोणाच्या तरी मुलाच्या प्रवेशाचा अर्ज यांत जाई. त्यांच्या कोटाच्या खिशात नेलकटर असे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरचे लोक जेवू घालतात, औषधे देतात, पण त्यांची नखे कापायची राहून जातात, असे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून प्रार्थना झाली की ते खाटेच्या कडेला बसून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, एकेका बोटाचे नख कापत आणि तेवढ्या वेळात त्या माणसाला जे बोलायचे असे ते बोलू देत. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि मंडळीच्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या, कुठल्याही अहवालात ते आले नाही.

आता घराविषयी. पाळक राहतो ते घर मंडळीचे असते. पाळकपद आहे तोवर छप्पर आहे, आणि घर मिळते म्हणून मानधन कमी, हा हिशेब प्रत्येक वार्षिक सभेत खजिनदार मोठ्या समाधानाने मांडत. मानधनाचा विषय आला की पाळकाने आणि त्याच्या कुटुंबाने बाहेर जायचे अशी रीत होती. आम्ही व्हरांड्यात उभे राहत असू. आत उपासनागृहाच्या पत्र्यांवर आणि नव्या ध्वनिक्षेपकावर बराच वेळ चर्चा चाले, मानधनाचा विषय मात्र एका दमात उरके, आणि मग वडिलांना आत बोलावून सभेची समाप्तीची प्रार्थना करायला सांगत. ते करीतही. वडील सेवेत असतानाच वारले, तेव्हा पंचांनी आईच्या हाती एक पत्र दिले. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या त्यागाबद्दल कृतज्ञता होती, दुसऱ्या परिच्छेदात नवे पाळक येणार असल्यामुळे घर रिकामे करून द्यावे अशी विनंती होती, आणि ‘घरादाराची पर्वा न करणारे’ हे शब्द त्याही पत्रात होते. पत्र लिहिणारी माणसे वाईट नव्हती, अंत्यविधीत ती सगळी रडली होती. परंतु ज्याच्याकडे घर बांधण्यापुरते पैसे कधी येऊच दिले नाहीत त्याने घर बांधले नाही, याला त्याग म्हणणे देणाऱ्यांच्या फार सोयीचे असते.

आपल्या लेखात ‘बिशपांनी त्यांची नेमणूक केली’ असेही लिहिले आहे. बॅप्टिस्टांमध्ये सहसा तसे नसते. टॉमस हेल्विसने १६१२ मध्ये लंडनजवळ स्पिटलफील्ड्सला इंग्लंडमधली पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली आणि प्रजेच्या आत्म्यावर राजाची सत्ता चालत नाही असे लिहून तुरुंग पत्करला. वरून कोणी हुकूम करायचा नाही, सभासदांनी मत देऊन पाळकाला बोलवायचे, ही पद्धत त्या परंपरेतली आहे आणि तिचा मला अभिमानच आहे. पण वरून हुकूम करणारा नसला की वर दाद मागायलाही कोणी नसते. पाळकाच्या म्हातारपणाची काळजी प्रत्येक मंडळीच्या मर्जीवर राहते. अमेरिकेत उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांनी १९११ मध्ये आणि दक्षिणेकडच्यांनी १९१८ मध्ये वृद्ध पाळकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या मदतीसाठी स्वतंत्र मंडळे काढली ती उगाच नव्हेत. मळणीच्या बैलाला मुसके घालू नये, म्हणजे राबणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, हे बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे आणि सगळ्या खजिनदारांनी ते वाचलेले असते.

लेखाच्या शेवटी इंग्लंडहून बंगालमध्ये आलेले बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी यांचे नाव आले आहे, तेही ‘सर्वस्वाचा त्याग’ या ठरावीक शब्दांसह. मराठी वाचकांना कॅरी आठवावेत हे योग्यच, कारण १८०५ चे मराठी व्याकरण आणि १८१० चा मोडी लिपीतला कोश त्यांच्या नावावर आहे. पण हिंदुस्थानात येण्यापूर्वी कॅरी हे मोल्टन नावाच्या खेड्यातले पाळकच होते आणि मंडळीच्या पगारात भागत नसल्यामुळे शाळा चालवीत, जोडे शिवीत. त्यांच्या पत्नी डॉरथी यांना येथे यायचे नव्हते. १७९३ मध्ये तान्हे मूल घेऊन त्या निघाल्या, पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला, आणि १८०७ मध्ये वारेपर्यंत त्या मानसिक आजाराने ग्रासलेल्या होत्या. कॅरींच्या गौरवलेखांत त्यांना एखादे वाक्य मिळाले तर पुष्कळ. आपल्या लेखातल्या पाळकीणबाईंना तेवढेही मिळालेले नाही. ‘पत्नीची साथ लाभली’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली आहे. त्यांचे नावसुद्धा विचारावेसे वाटले नाही का?

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र मेणबत्त्या आणि संतांचे पुतळे असलेल्या कॅथलिक वेदीचे आहे. बॅप्टिस्ट उपासनागृहात पुतळे नसतात, तिथे सहसा व्यासपीठ असते आणि बाप्तिस्म्यासाठी पाण्याचा हौद असतो, तोही सज्ञान माणसाला पूर्ण बुडवता येईल एवढा, कारण बॅप्टिस्ट तान्ह्या बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत. ‘त्यांनी शेकडो बालकांना बाप्तिस्मा दिला’ हे वाक्य ज्या उपसंपादकांच्या नजरेखालून गेले, त्यांना हा हौद एकदा दाखवावा.

पुरवणीत या लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात कृपया एवढे छापावे: निवृत्तीनंतर हे पाळक कोणाच्या घरात राहणार आहेत, त्यांना निवृत्तिवेतन आहे का, आणि मंडळीच्या ज्या सभासदांनी त्यांच्या त्यागाविषयी आपल्या प्रतिनिधीला इतके भरभरून सांगितले, त्यांनी शेवटच्या सभेत मानधनाच्या ठरावावर काय मत दिले होते.

आपली,
एक वाचक