आधी पट्ट्या टेबलावर मांड

सातारा,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

अण्णांच्या पायांच्या सुजेवर लघवीची गोळी, म्हणजे लघवी वाढवून अंगातलं पाणी काढणारी, कोणती चांगली, लॅसिक्स की डायटोर, असं तू विचारलंस. त्याआधी एक सांग, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीवर अॅमलोडिपिन लिहिलंय का?

आईचंच बघ. गेल्या पावसाळ्यात तिचे पाय एवढे सुजले की संध्याकाळी जोडवी रुतायची. नडगीवर बोट दाबलं की खळगा कितीतरी वेळ तसाच. डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली, पुढे वाढवली. सूज काही हलेना, पण रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन ती कळवळत उठायची. रक्त तपासलं, तर पोटॅशियम २.९! ते ३.५ च्या वर हवं. मी पार घाबरलो होतो रे.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि अॅमलोडिपिनवर बोट ठेवलं. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तेवढ्या करत नाही. मग केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्याशी झिरपतं. अंगात जादा पाणी साठलेलंच नाही, तर लघवीची गोळी काढणार काय? त्यांनी अॅमलोडिपिन १० मिलिग्रॅमची ५ केली, जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, लघवीची गोळी थांबवली. तीन आठवड्यांनी आईच्या चपलेचा पट्टा नीट लागला.

हृदय किंवा मूत्रपिंडामुळे सूज असेल, तर मात्र लघवीची गोळी हवीच. लॅसिक्स पोटातून रक्तात किती उतरेल याचा नेम नसतो आणि तिचा जोर सहाएक तासांत ओसरतो. डायटोर जास्त भरवशाने शोषली जाते. तरी अमेरिकेत हृदय कमकुवत असलेल्या २,८५९ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, २०२३ मध्ये निकाल आला, आणि मृत्यूंत फरक दिसला नाही. म्हणून त्यावरून मेडिकलवाल्याशी वाद घालू नकोस. नुसत्या बीपीसाठी बहुधा क्लोरथॅलिडोनसारखी सौम्य, लांब पल्ल्याची लघवीची गोळी देतात. अल्डॅक्टोन या लघवीच्या गोळीचं उलटं, तिने पोटॅशियम वाढतं. ती चालू असेल तर अण्णांचं रोजचं शहाळं डॉक्टरांना विचारूनच.

आणि गुडघ्यासाठी ते अजून डायक्लोफेनॅक घेतात का? त्यानेही मीठ-पाणी अंगात साठतं, बीपी चढतं. हे सांगायचं लोक हमखास विसरतात.

मनाने काही बंद करू नकोस. पण एकच पाय सुजला किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. नाहीतर मंगळवारी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून ने, आणि क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियमचा रिपोर्ट आला की मला फोन कर. कितीही वाजता.

तुझा,
बाळ्या